काट मारलेल्या ओळी

देवस्थळी सर गेले त्याला आता दीड वर्ष झालं. इथे सिडनीत, केलीव्हिलच्या एका हॉलमध्ये आम्ही मराठी मंडळींनी शोकसभा ठेवली होती. चार जण बोलले. व्यासंगी, करारी, शिस्तीचे भोक्ते आणि "थोडे तापट". मी मागच्या रांगेत बसले होते, मला हसू आलं. ज्या माणसाने माझ्यादेखत एका गाडीचा आरसा, एका बाईचा चहाचा मग आणि एक अख्खं काचेचं दार फोडलं, तो थोडा तापट असेल तर आपण बाकीचे सगळे संतच म्हणायला हवे. शेवटची दोन वर्षं ते मुलाचं एवढं मोठं घर सोडून माझ्या मागच्या अंगणातल्या एका खोलीत राहिले, पण का राहिले ते कुणी बोललं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, मान्य. पण खोटं बोलावं असं कुणी सांगितलंय? सरांना ते अजिबात चाललं नसतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

रघुनाथ देवस्थळी पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले, मग बायको गेली, आणि मुलाने, निखिलने, त्यांना स्कोफिल्ड्सला आपल्याकडे आणलं. सत्तरी ओलांडलेली, उंची सहा फूट, आणि पंजे सुताराचे असावेत तसे. स्कोफिल्ड्सच्या त्या नव्या वस्तीत घरं दोन मजली आणि झाडं काठीएवढी. सर रोज सकाळी फिरायला निघायचे आणि कौन्सिलने लावलेल्या एकेका रोपाची विचारपूस करायचे. रोपाला कुणी सायकल टेकवलेली दिसली की उचलून बाजूला ठेवायचे नाहीत, रस्त्यात फेकायचे. एकीचं चाक वाकलं. तिची मालकीण भांडायला आली तर म्हणाले, "झाडाला ओरडता येत नाही म्हणून मी ओरडतो." ती बिचारी "नो वरीज" म्हणून निघून गेली.

बसले की उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. जेवताना-लिहितानाच काय तो बाहेर काढत. मला वाटायचं संधिवात असेल. मी फार्मसिस्ट, मला सगळीकडे दुखणीच दिसतात.

आमची गाठ पडली ती लायब्ररीत. एकोणिसाव्या शतकात इथे एक वनस्पतीतज्ज्ञ होऊन गेला. वसाहतीच्या सरकारात मोठा अधिकारी, सरकारी बागा त्याच्या ताब्यात, वर जमीनमोजणीचं खातंही त्याच्याकडेच. आम्ही त्याला नुसतं "डॉक्टर" म्हणायचो. या गृहस्थाने आयुष्यभर पत्रं लिहिली. गव्हर्नरला, युरोपातल्या मित्रांना, बीबियाणंवाल्यांना, मेंढ्यांच्या कुरणांच्या मालकांना. ती खोकीच्या खोकी भरून होती आणि ती टाइप करायला आमच्यासारखे रिकामटेकडे व्हॉलंटिअर हवे होते. मी क्वेकर्स हिलला राहते, केमिस्टकडे आठवड्याचे तीन दिवस काम करते, आणि आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं लावत आले आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी माझी निवड झाली. काम बघणारी मार्गारेट म्हणून एक बारीकशी, पांढऱ्या केसांची बाई होती, देवस्थळी म्हणता येईना म्हणून सरांना नुसतं देव म्हणणारी. तिने मराठी म्हणून मला आणि सरांना एका टेबलावर बसवलं. झालं, माझे मंगळवार आणि गुरुवार सरांच्या नावाने लागले.

आमची कामाची रीत सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. पत्र टाइप झालं की दोघांनी तपासायला बसायचं. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हातात पेन्सिल घेऊन दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवायचं. नुसते शब्द नाहीत, विरामचिन्हंसुद्धा वाचायची. कॉमा, फुलस्टॉप, नवा पॅरा. लिहिणाऱ्याने काट मारलेलं असेल तर तेही वाचायचं. सरांनी त्यासाठी आमच्यापुरती मराठी सोय केली होती. "काट सुरू" म्हणायचे, रेघेखालचा मजकूर वाचायचे, आणि "काट संपली" म्हणायचे. काटेतला मजकूर नेहमी दोनदा वाचायचा, कारण रेघेखाली अक्षर फसवतं. चूक सापडली की जिथे सापडली तिथेच ती दुरुस्त करायची, आणि शेजारी दोघांनी सही करायची. अंदाज करायचा नाही. "अंदाज हा आळशाचा धंदा आहे, शैलजाबाई. वाचता येत नसेल तर येत नाही म्हणा," हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. एकदा मी अंदाज केला तर त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेऊन दोन तुकडे करून परत दिली. मी ते तुकडे त्यांच्या चहात टाकले. त्यानंतर आमचं बरं जमलं.

आता आरशाचं. एका गुरुवारी काम आटपून आम्ही स्टेशनच्या कारपार्कमधून चाललो होतो. एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, हळू झाली, आतल्या तरुणाने खिडकीतून डोकं काढून मला जिथून आलीस तिथे परत जा म्हणून ओरडून सांगितलं आणि हातातला अर्धा भरलेला कॅन फेकून मारला. तो माझ्या खांद्याला लागला. पुढे सिग्नल लाल होता. सर चालत यूटपाशी गेले आणि त्यांनी छत्रीच्या मुठीने आरसा फोडला. खोटं कशाला बोलू, पहिल्या फटक्याला मला बरं वाटलं. मग तो तरुण खाली उतरला. सरांनी त्याला कॉलरला धरून दारावर दाबलं आणि त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. त्याचं नाक फुटलं, तो "सॉरी मेट, सॉरी" म्हणत होता, आणि सरांचा चेहरा अगदी शांत होता. त्या शांतपणाची मला भीती वाटली. मी त्यांच्या दंडाला लोंबकळले तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.

पोलीस आले आणि आम्हाला ठाण्यावर घेऊन गेले. सर आत जबानी देत होते, मी बाहेर बाकावर. निखिल ऑफिसातून धावत आला. मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते, तर तो उठून माझ्या दुसऱ्या बाजूला बसला.

"सॉरी शैलजाताई, डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही."

"केव्हापासून?"

"अकरा वर्षांचा होतो. बाबांनी मारलं." किती वाजले सांगावं तसं सांगितलं. "आई सगळ्यांना गोवर झाला होता म्हणून सांगायची. ईराला आम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही. खरं फक्त मृणालला माहीत आहे. आता तुम्हाला."

मृणाल त्याची बायको, हॉस्पिटलात डॉक्टर. ईरा दहा वर्षांची मुलगी. मला राग आवरेना. "मग आणलंस कशाला असल्या माणसाला घरात?"

"त्यांनी ते अजून एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही, ताई. तीस वर्षं झाली. म्हणणार असतील तर माझ्यासमोर म्हणावं, एवढंच." मग म्हणाला, "अट घातली आहे मी. ईरावर हात उचलायचा नाही. मारणं लांब राहिलं, उचलायचासुद्धा नाही. उचलला त्या दिवशी माझ्या घरातून बाहेर."

त्या तरुणाने तक्रार केली नाही, सर बाहेर आले. निखिल उठला, "चला बाबा, जेवायला थांबलेत सगळे," म्हणाला. त्या दिवशी मला मांडीखालच्या हाताचं कोडं सुटलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्या घरी मी कितीदा तरी जेवले आहे. सर नेहमी निखिलच्या डाव्या हाताला बसायचे. टेबल रिकामं असलं तरी तिथेच.

मग ते पत्र आलं. मंगळवारची दुपार होती. डॉक्टरने युरोपातल्या एका मित्राला लिहिलेलं पत्र, त्याचा कच्चा खर्डा इथे होता आणि प्रत्यक्ष पाठवलेली स्वच्छ प्रत तिकडून स्कॅन होऊन आली होती. सर खर्डा वाचत होते, माझं बोट स्वच्छ प्रतीवर. पत्र इंग्रजीत, मी मराठीत सांगते.

"पाणवठ्याच्या उत्तर काठावर, कॉमा, मला एका लिलीचे उत्तम नमुने मिळाले, फुलस्टॉप. काट सुरू." इथे सर थांबले. चष्मा पुसला. "आदल्या दिवशी कुरणावरची माणसं बंदुका घेऊन घोड्यांवरून इथे येऊन गेली होती, फुलस्टॉप. मी प्रेतं मोजू लागलो आणि मोजायचं सोडून दिलं, कॉमा, त्यांत बायका आणि अंगावरची मुलं होती, फुलस्टॉप. पाणी पिण्याजोगं राहिलं नव्हतं, फुलस्टॉप. एक म्हातारा जिवंत होता, कॉमा, त्याने माझ्या घोड्याचा पाय धरला, फुलस्टॉप. मी घोडा पुढे काढला, फुलस्टॉप. काट संपली. हवा उत्तम आहे, फुलस्टॉप. तुझ्या बागेसाठी कंद पाठवत आहे, फुलस्टॉप."

माझ्या प्रतीवर लिलीच्या पुढे थेट हवा उत्तम आहे असं होतं. मधे काहीच नव्हतं. माझं बोट तिथेच राहिलं.

"पुन्हा," सर म्हणाले. रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा वाचलं. आवाज तोच, कॉमे तेच. फक्त म्हाताऱ्यापाशी आल्यावर त्यांच्या हातातली पेन्सिल मोडली.

मार्गारेटला बोलावलं. तिने उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसली. म्हणाली, हे लगेच छापता येणार नाही. सध्या तळटीप टाकू, पाच ओळी काट मारलेल्या आहेत एवढीच. बस्, तेवढं पुरलं. सरांचा उजवा हात मांडीखालून निघाला आणि तिचा चहाचा मग भिंतीवर जाऊन फुटला. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर. गरम चहा तिच्या मानेवर उडाला.

"त्याने पुसलं, आता तुम्ही पुसा," सर इंग्रजीत गरजले. "काट मारली म्हणजे घडलं नाही? माणसं उठून घरी गेली?"

मार्गारेटने मान पुसली, तुकडे गोळा केले आणि मग म्हणाली, "झालं तुझं, देव? आता ऐक. ज्या आदिवासींची माणसं तिथे पडली होती त्यांची नातवंडं-पतवंडं आजही आहेत. त्यांना आधी विचारायचं असतं. छापायचं की नाही ते तू ठरवायचं नाहीस. मीही नाही. त्यांचा निरोप येईपर्यंत तू इथे यायचं नाहीस."

ती बरोबर होती, त्यामुळे सर आणखीच पेटले. गाडी मी चालवत होते. स्कोफिल्ड्स येईपर्यंत ते डॅशबोर्डवर मूठ आपटत होते. "घोडा पुढे काढला म्हणे. लिहिलं ते लिहिलं, निदान लिहिलेलं तरी ठेवायचं. मित्राला काय पाठवलं तर हवा उत्तम आहे. असला माणूस शास्त्रज्ञ कसला?" मी मनात म्हटलं, अहो सर, जरा हळू. पण तोंडाने बोलले नाही. ती माझी चूक.

घरी ईरा नुकतीच शाळेतून आली होती. निखिल त्या दिवशी वरच्या खोलीत घरूनच काम करत होता, मृणाल शिफ्टला. मी चहा टाकला. सर टेबलाशी बसले, हात मांडीखाली. ईरा एक फॉर्म आणि जांभळं पेन घेऊन आली. शाळेत मुलांचे कान तपासणार होते.

"आबा, क्विक क्वेश्चन. फॅमिलीत कुणाला हिअरिंग प्रॉब्लेम आहे का, आणि कशामुळे, असं विचारलंय. पापाचा कान कशामुळे गेला? पापाला विचारलं तर म्हणाला, गो आस्क आबा."

माझा हात गाळणीवरच थांबला. निखिलने तिला मुद्दाम पाठवलं होतं. तीस वर्षं वाट पाहून त्याने शेवटी स्वतःच्या मुलीच्या हातून प्रश्न खाली पाठवला होता, आणि सरांनाही ते कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही.

"गोवर," सर म्हणाले.

"ओके, मीझल्स," म्हणत ईराने चौकटीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. सर त्या अक्षरांकडे बघत राहिले. स्वच्छ प्रत होती ती, एकही काट नसलेली.

"दे तो कागद," ते म्हणाले.

"व्हाय?"

"दे म्हणतो ना."

त्यांनी ओढला, तिने सोडला नाही, कागद मधोमध फाटला. "आबा, यू रिप्ड इट. आय ओन्ली रोट व्हॉट यू सेड." एवढंच म्हणाली पोर. आणि सरांचा उजवा हात वर गेला. पूर्ण वर, खांद्याच्याही वर. ईरा दोन्ही कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसली. तो हात तसाच वर राहिला, मी दोन पावलं टाकीपर्यंत. मग सर वळले आणि त्यांनी अंगणाच्या काचेच्या दारावर मूठ घातली. पहिल्या ठोशाला तडा गेला. दुसऱ्याला हात आरपार गेला. तो बाहेर ओढून त्यांनी तिसरा घातला आणि सगळी काच खाली आली. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत, बाहीवर, फरशीवर, त्या अर्ध्या फॉर्मवर. तरी ते मारतच होते, आता नुसत्या चौकटीवर.

निखिल जिन्यावरून धावत आला. पहिल्यांदा टेबलाखाली वाकला. "डिड ही हिट यू?"

"नो. ही पुट हिज हँड अप."

निखिलने टॉवेल घेतला आणि बापाच्या हाताला करकचून बांधला. शांतपणे, गाठ मारून. मग मला म्हणाला, "ताई, तुमची ग्रॅनी फ्लॅट रिकामी आहे ना?" ग्रॅनी फ्लॅट म्हणजे मागच्या अंगणातली वेगळी खोली, इथे बऱ्याच घरांना असते. मी हो म्हटलं.

"बाबा, अट उचलण्याची होती," निखिल म्हणाला. सरांनी मान हलवली. वाद घातला नाही.

तर असे ते माझ्याकडे आले. हाताला भरपूर टाके, दोन बोटं पुढे कायमची वाकडी राहिली. मी त्यांना जेवण द्यायचे आणि त्याबरोबर चार शब्दही द्यायचे, कारण मी काही मऊ बाई नाही. तिसऱ्या दिवशी ताट ठेवताना म्हटलं, "डॉक्टरने पाच ओळींवर काट मारली म्हणून तुम्ही मार्गारेटच्या डोक्याशी मग फोडलात. तुम्ही तर एका शब्दात सगळं पुसलंत, तेही नातीच्या हातून."

मला वाटलं ताट उडणार. मी मागे सरकून उभी होते. सर नुसते "हो" म्हणाले. आणि आमटी गार होईपर्यंत तसेच बसून राहिले. मला त्यांची दया आली नाही, खरं सांगते. दया आली ती टेबलाखाली कान झाकून बसलेल्या ईराची.

महिन्याभराने मार्गारेटचा फोन आला. त्या पाणवठ्याकडच्या लोकांपैकी एक वृद्ध बाई दोन भाच्यांना घेऊन येणार होत्या. सगळे त्यांना आँटी म्हणत, त्यांच्यात मानाने असंच म्हणतात. त्यांनी निरोप दिला होता की ज्याने मग फोडला त्यानेच वाचून दाखवावं. सरांनी जाताना मार्गारेटसाठी नवा मग घेतला. त्याच्यावर कोआलाचं चित्र होतं, शॉपिंग सेंटरमध्ये तेवढाच मिळाला. तिच्यासमोर ठेवून "मला क्षमा कर" एवढं म्हणाले आणि वाचायला बसले.

सरांनी रीतीप्रमाणे दोनदा वाचलं. आँटींच्या भाच्या रडत होत्या. आँटी रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मधली रेघ छापताना राहणार का?" मार्गारेट म्हणाली, वाचायला सोपं जावं म्हणून काढता येईल. आँटी म्हणाल्या, "काढू नका. त्याने पाहिलं, मग लिहिलं, मग काट मारली. तिन्ही दिसू दे लोकांना." मग म्हणाल्या, "हे आम्हाला माहीत नव्हतं असं समजू नका. आमच्या घरात ते सांगत आलेत. तुमच्या कागदांत यायचं राहिलं होतं." निघताना त्यांनी सरांच्या बँडेजकडे पाहिलं.

त्या पाच ओळी आता छापल्या आहेत, रेघेसकट. कुणीही वाचाव्यात.

त्या दिवसापासून सर लिहायला लागले. टाके काढलेल्या हाताने, वाकड्या बोटांत पेन धरून. मी सकाळी चहा घेऊन जायचे तर जमिनीवर कागदांचे बोळे. दोन-तीन आठवडे हे चाललं. मग एका शनिवारी सकाळी दोन कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "शैलजाबाई, खर्डा आणि स्वच्छ प्रत आहे. तपासायला बसा."

मी खर्ड्याची पहिली ओळ वाचली. चिरंजीव निखिल यास. खाली काटच काट. कागद परत त्यांच्या हातात दिला. "मी बसणार नाही. हे ज्याला जायचंय त्याच्याबरोबर बसा."

"तो येणार नाही."

"अंदाज करू नका," मी म्हटलं आणि फोन उचलला.

निखिल अकराच्या सुमारास आला. खोलीच्या दारात बूट न काढता उभा राहिला. मी तिथल्या छोट्या शेगडीवर चहा ठेवून निघत होते, तर म्हणाला, "थांबा ताई. कुणीतरी असू दे." मग बूट काढून टेबलाशी बसला. सर सवयीने त्याच्या डाव्या हाताला बसले. त्याच्यासमोर स्वच्छ प्रत ठेवली, पेन्सिल दिली आणि रीत समजावून सांगितली, कॉलेजात प्रॅक्टिकल समजावतात तशी. काटेचा मजकूर दोनदा, चूक सापडली तर तिथेच दुरुस्ती, शेजारी दोघांच्या सह्या.

सरांनी वाचायला सुरुवात केली. निखिल मान वळवत होता. "बाबा, ऐकू येत नाही."

सर थांबले. उठले, खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आणून ठेवली आणि बसले. वर्षभर मी त्यांना त्या घरी जेवताना पाहिलं होतं, पण त्या बाजूला बसलेले कधीच पाहिले नव्हते.

"चिरंजीव निखिल यास अनेक आशीर्वाद, फुलस्टॉप. तुझ्या कानाच्या दुखण्याबद्दल मला फार वाईट वाटतं, फुलस्टॉप. काट सुरू." आवाज लायब्ररीतलाच. "तुला दुखणं झालं नव्हतं, फुलस्टॉप. तू माझी झाडं दाबायची चौकट उघडलीस आणि नमुन्यांवर पाणी सांडलं, फुलस्टॉप. मी तुझ्या कानाखाली मारली, फुलस्टॉप. तू पडलास, कॉमा, मी उठवून दुसरी मारली, फुलस्टॉप. तुझ्या कानातून रक्त आलं ते मी पाहिलं, फुलस्टॉप. पाहूनही तिसरी मारली, कॉमा, कारण तू बाबा म्हणून हाक मारलीस आणि मला ती ऐकवेना, फुलस्टॉप. डॉक्टरांना मी गोवर सांगितलं, फुलस्टॉप. तुझ्या आईलाही मारण्याचा धाक घालून तसंच सांगायला लावलं, फुलस्टॉप. काट संपली. प्रकृतीस जपून राहावे, फुलस्टॉप."

चहा उतू गेला. मी शेगडी बंद केली. निखिलची पेन्सिल स्वच्छ प्रतीवर वाईट वाटतं या शब्दांपुढे टेकलेली होती. त्याचे डोळे कोरडे होते.

"तीन नाही, बाबा," तो म्हणाला. "चार."

सर खर्ड्यावर वाकले. "चौथी कुठे?"

"दारात. मी आईकडे पळत होतो तेव्हा. तुम्ही मागून मारली."

सरांनी डोळे मिटले. मी त्यांना बराच काळ ओळखत होते, पण त्यांना काही आठवताना असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी निखिलच्या हातातून पेन्सिल घेतली आणि खर्ड्यावर तिसरीच्या पुढे, ओळीच्या वरच्या जागेत, वाकड्या बोटांनी एकेक अक्षर लिहिलं. शेजारी सही केली, र. दे. कागद मुलापुढे सरकवला. निखिलने तो पुन्हा पुन्हा वाचला. खाली नि. दे. लिहिलं.

"दोनदा वाचायचं म्हणालात ना," तो म्हणाला. "वाचा पुन्हा."

सरांनी दोन्ही हात टेबलावर घेतले, कागद सरळ केला, आणि त्याच्या उजव्या कानाकडे वाकून म्हणाले, "काट सुरू."